रामश्टाइन आणि परक्या कानांची तीस वर्षे

1984 च्या सुरुवातीला एकच गाणे दोन देशांत दोन भाषांमध्ये गाजले. पश्चिम जर्मनीच्या नेना या बँडचे नव्व्याण्णव फुग्यांचे गाणे ब्रिटनमध्ये इंग्रजी रूपात पहिल्या क्रमांकावर गेले. अमेरिकेत मात्र रेडिओवाल्यांनी मूळ जर्मन गाणेच उचलून धरले आणि ते थेट दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. ऐकणाऱ्यांतल्या फारच थोड्यांना त्यातले शब्द कळत होते. त्याआधी 1975 मध्ये क्राफ्टवेर्क या जर्मन बँडचे 'आउटोबान' अमेरिकी यादीत पंचविसावे आले होते. तरीही धंद्याचा रिवाज ठरलेलाच राहिला: घरच्या श्रोत्यांसाठी जर्मन, जगासाठी इंग्रजी. हानोव्हरच्या स्कॉर्पियन्स या बँडने इंग्रजीतूनच जग जिंकले.

या रिवाजाला सुरुंग लागला तो वेगळ्याच बाजूने. 1980 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या मंडळींनी ड्रिल, पत्रे आणि भंगारातले लोखंड यांनाच वाद्ये केले. त्याच वर्षी तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या त्रबोव्हलये या खाणगावात लायबाख हा बँड उभा राहिला. मातृभाषा स्लोव्हेन, पण पुढे त्यांनी जर्मनही जवळ केली, तीही लष्करी थाटात. 1987 मध्ये त्यांनी ऑस्ट्रियाच्या ओपस या बँडचे हलकेफुलके इंग्रजी गाणे घेऊन त्याचे जर्मन संचलनगीत करून टाकले. जर्मनीबाहेरच्या कानाला ही भाषा कशी ऐकू येते, याची जाण त्यात पुरेपूर होती. पुढे रामश्टाइन या जर्मन बँडवर लायबाखचा प्रभाव असल्याचे अनेकांनी म्हटले.

रामश्टाइनचे सहाही जण पूर्व जर्मनीत वाढलेले. तिथल्या शाळांत पहिली परकी भाषा रशियन असे. गायक टिल लिंडेमान हा बालसाहित्यिक वेर्नर लिंडेमानचा मुलगा, तरुणपणी स्पर्धांत उतरणारा जलतरणपटू आणि नंतर टोपल्या विणणारा कारागीर. बर्लिनची भिंत पडल्यावर पाच वर्षांनी, 1994 मध्ये, या मंडळींनी बर्लिनची एक संगीत स्पर्धा जिंकली आणि 1995 मध्ये 'हेर्त्सेलाइड' हा पहिला अल्बम आला. यंत्राच्या लयीतला ठोका, सिंथेसायझर आणि त्यांवर जड गिटार, असा हा इंडस्ट्रियल मेटलचा मसाला अमेरिकेतल्या मिनिस्ट्री आणि नाइन इंच नेल्स यांनी आधीच लोकप्रिय केला होता. नवी होती ती भाषा आणि ती गाण्याची तऱ्हा.

अमेरिकेचा दरवाजा सिनेमाने उघडला. डेव्हिड लिंचने 'लॉस्ट हायवे'मध्ये (1997) त्यांची दोन गाणी वापरली. त्याच वर्षी 'झेनझुख्त' हा दुसरा अल्बम आला. 1998 मध्ये कॉर्न आणि लिम्प बिझकिट या बँडबरोबर 'फॅमिली व्हॅल्यूज' दौरा झाला. 'झेनझुख्त'ला अमेरिकेत प्लॅटिनम मिळाले, म्हणजे दहा लाख प्रतींचा टप्पा. इथे एक गंमत आहे. 'एंगेल' आणि 'डू हास्ट' या गाण्यांची इंग्रजी रूपेही ध्वनिमुद्रित झाली होती, पण गाजली आणि टिकली ती जर्मनच. 11 डिसेंबर 2010 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बँड उभा राहिला, त्या कार्यक्रमाची तिकिटे अर्ध्या तासाच्या आत संपली होती.

असे का झाले? पहिले कारण आवाजाचे. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी व्यंजनांचे गठ्ठे येतात, आणि लिंडेमान ते सावकाश, एकेक सुटे करून, 'र' घोळवत उच्चारतो. गिटार आणि ड्रम ज्या ठोक्यावर पडतात, त्याच ठोक्यावर शब्दही पडतो. शिमग्यात पालखी नाचवताना ढोल अंगात शिरतो तेव्हा कोणी अर्थ विचारत नाही. इथे तोच ढोल भाषेचा आहे. ओळीही आखूड, पुन्हा पुन्हा येणाऱ्या. त्यामुळे मेक्सिको असो की मॉस्को, भाषा न येणारा प्रेक्षकही दुसऱ्या कडव्यापासून सूर मिळवतो.

दुसरे कारण रंगमंचावरच्या आगीचे. 1996 मध्ये बर्लिनमधल्या त्यांच्या एका कार्यक्रमात सजावटीचे जळते तुकडे खाली कोसळले. त्यानंतर आतषबाजीचे काम व्यावसायिकांकडे गेले आणि लिंडेमानने स्वतः त्याचा परवाना मिळवला. ज्वाला समजून घ्यायला शब्दकोश लागत नाही.

तिसरे कारण मात्र अडचणीचे आहे. परक्या श्रोत्याच्या मनात युद्धपटांनी कोरलेला एक करडा, हुकूम सोडणारा जर्मन माणूस असतो. रामश्टाइनने त्या प्रतिमेशी खेळ केला. परदेशात तिला टाळ्या मिळाल्या, जर्मनीत अस्वस्थता. 1998 मध्ये 'स्ट्रिप्ड' या गाण्याच्या व्हिडिओत त्यांनी नाझी काळातल्या दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल यांच्या 'ऑलिम्पिया' या चित्रपटाची दृश्ये वापरली आणि नाझी सौंदर्यदृष्टीला गोंजारल्याचा आरोप ओढवून घेतला. 2001 च्या 'मुटर' अल्बममधल्या एका गाण्यात त्यांनी आपले हृदय डावीकडे धडधडते, असे उत्तर दिले. 2019 मध्ये 'डॉइचलांड' या गाण्याच्या झलकफितीतल्या छळछावणीच्या दृश्यावरून पुन्हा वादळ उठले. 2023 मध्ये काही स्त्रियांनी लिंडेमानवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले. बर्लिनच्या सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली आणि पुराव्याअभावी ऑगस्टमध्ये ती बंद केली. या सगळ्यातून चाहत्यांचा एक वर्ग दुरावला, पण स्टेडियम भरतच राहिली.

महाराष्ट्रात हे संगीत आले तेव्हा रॉकची भाषा इंग्रजी हेच गृहीत होते. मुंबईत 1986 पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' महोत्सव सुरू झाला. धोबीतलावच्या रंगभवनात तो कित्येक वर्षे गाजला. पुण्यात माक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूटमुळे जर्मन शिकण्याची परंपरा जुनी, पण ती ग्रंथांची आणि नोकरीची. 2024 मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तोही पोटापाण्याचाच. गाण्यासाठी जर्मनकडे वळणारा श्रोता मात्र स्वस्त मोबाइल डेटाने सगळीकडे तयार केला. आता कोकणात मुचकुंदीच्या मुखाशी वसलेल्या पूर्णगडासारख्या लहान गावात बसूनही गाणे ऐकता ऐकता त्याचा अनुवाद त्याच पडद्यावर वाचता येतो.

उत्तर जर्मनीतले वाकेन हेही असेच लहानसे गाव, वस्ती दोनेक हजारांची. 1990 पासून तिथे भरणाऱ्या मेटल महोत्सवाला आता पाऊण लाखाहून अधिक लोक येतात. 2013 मध्ये तिथे रामश्टाइन वाजला. 2019 मध्ये दिल्लीच्या ब्लडीवुड या बँडने तिथेच ढोलासह हिंदी-पंजाबी गाणी म्हटली आणि जर्मन प्रेक्षक त्यावर नाचला. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनने 2017 मध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर 'दशावतार' हा अल्बम केला. विषय घरचा, पण गाणी मुख्यतः इंग्रजीत. मुंबईच्या बहुतेक मेटल बँडनी हीच वाट धरली. परक्या श्रोत्याला आपली भाषा झेपणार नाही, ही भीती त्यामागे असेल, तर गेल्या तीस वर्षांनी ती खोटी ठरवली आहे.

ज्यांना हे संगीत नव्याने ऐकायचे आहे त्यांनी 'मुटर'पासून सुरुवात करावी. पहिल्यांदा अनुवाद न पाहता ऐकावे आणि मग शब्द समोर घेऊन. दोन्ही वेळा गाणे वेगळे लागते.