क्षयरोग्यांची लांब खुर्ची

समुद्रकिनारी किंवा तरणतलावाच्या काठी पाय पसरून पडायची जी लांब खुर्ची दिसते, तिच्यामागे क्षयरोगाचा मोठा इतिहास आहे. औषध नव्हते, तेव्हा विश्रांती आणि मोकळी हवा हाच उपचार. जर्मनीत फाल्केनश्टाइन येथे डॉ. पीटर डेटवायलर यांनी १८७६ पासून तो शिस्तीने राबवला. पुढे स्वित्झर्लंडच्या दावोसमध्ये रुग्ण बर्फाळ थंडीतही घोंगड्या लपेटून गच्चीवर तासन्‌तास पडून राहत. त्यासाठी खुर्चीची पाठ खाचांवर मागेपुढे सरकणारी, गादी जाड, हात रुंद.

ऊन मात्र जपून द्यावे लागे. स्वित्झर्लंडमधल्याच लेझाँमध्ये डॉ. ऑगस्ट रोलिए १९०३ पासून हाडांच्या क्षयावर सूर्यस्नान देत. पहिल्या दिवशी फक्त पावले, तीही पाचच मिनिटे. मग रोज थोडे वर. ही सावधगिरी मला फार मोलाची वाटते. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, पुढे क्षयावर गोळ्या-इंजेक्शने आली आणि सॅनेटोरियमे, म्हणजे क्षयरोग्यांची अशी उपचारगृहे, ओस पडली. दावोसचे शाट्झाल्प सॅनेटोरियम आज हॉटेल आहे.

हौसेने उन्हात पडणाऱ्यांनीही सुरुवात थोड्या मिनिटांनीच करावी, आणि भर दुपार टाळावी.