सर्किटची लिपी आपल्या मुलांना वाचता येते का?

गेल्या रमजानमध्ये ऐन सहरीच्या वेळी वीज गेली. दस्तरखानाजवळ ठेवलेला इमर्जन्सी दिवा काही पेटला नाही. दुपारी आमच्या नववीतल्या भाच्याने तो दिवा उघडला. आत चार व्होल्टची लहानशी बॅटरी. "मामू, चार व्होल्टने काय होतंय?" असे म्हणत त्याने दिव्याची पिन सॉकेटमध्ये असतानाच आतल्या पट्टीला बोट लावले आणि जोराचा झटका बसून तो मागे पडला. अल्हमदुलिल्लाह, बोटावर चटका बसण्यापलीकडे काही झाले नाही. पण घरभर सगळ्यांचे काळीज हलले.

संध्याकाळी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे दिवा नेला. त्याने जुन्या बिलाच्या पाठीवर दिव्याचे सर्किट काढून दाखवले. म्हणाला, "बेटा, हे बघ. यात ट्रान्सफॉर्मरच नाही. मग पिन लावल्यावर आतली कुठली जागा सुरक्षित?" भाचा गप्प झाला. नववीच्या विज्ञानातला धाराविद्युतचा धडा त्याने पाठ केला होता, चिन्हांची आकृती काढून गुणही मिळवले होते. पण चिन्ह काढणे वेगळे आणि वाचणे वेगळे. हा लेख त्याच वाचण्याविषयी आहे.

पहिली ओळख

सर्किट डायग्राम, म्हणजे पाठ्यपुस्तकातली परिपथ आकृती, हा विजेच्या वाटेचा नकाशा असतो. नकाशात घर खरे घर दिसत नाही, तसाच यातही भाग हुबेहूब दिसत नाही. प्रत्येकाला एक ठरलेली खूण असते.

सरळ रेघ म्हणजे तार. दोन रेघा एकमेकींना ओलांडतात तिथे ठळक ठिपका असेल तरच त्या जोडलेल्या समजायच्या. ठिपका नसेल तर एक तार दुसरीवरून नुसती गेली आहे. एवढासा ठिपका नजरेतून सुटला तर सगळी जोडणी चुकते.

एक लांब आणि एक आखूड रेघ शेजारी उभी असेल तर तो सेल. लांब रेघ धन, आखूड ऋण. अशा जोड्या ओळीने आल्या की बॅटरी. वर्तुळात फुली म्हणजे दिवा.

नागमोडी, करवतीच्या दात्यांसारखी रेघ म्हणजे रेझिस्टर, आपल्या पुस्तकातला रोध. ही अमेरिकन पद्धत. युरोपीय पद्धतीत त्याच रेझिस्टरसाठी साधा आयत काढतात. आणि त्याच पद्धतीत आयताच्या आतून आरपार रेघ गेली की तो फ्यूज होतो! आखातात कामाला गेलेल्या आपल्या मुलांच्या हाती बहुधा युरोपीय पद्धतीचे नकाशे पडतात. म्हणून दोन्ही पद्धती ओळखीच्या हव्यात. रेझिस्टरशेजारी ४के७ असे लिहिलेले दिसले तर गोंधळू नये, ते ४.७ किलोओहम, म्हणजे ४७०० ओहम. छपाईत दशांशाचा ठिपका पुसट होतो, म्हणून त्याच्या जागी अक्षर घालतात.

बाजू चुकली की नुकसान

दोन समान समांतर रेघा म्हणजे कपॅसिटर. बाजारात आपण त्याला कंडेन्सर म्हणतो. पंखा हळू फिरू लागला की मिस्त्री बदलतो तो हाच, बहुतेक छताच्या पंख्यांत २.५ मायक्रोफॅरडचा. पंख्याच्या कंडेन्सरला धन-ऋण बाजू नसते. पण चिन्हात एका रेघेपाशी अधिकची खूण असेल किंवा एक रेघ वाकडी असेल, तर तो इलेक्ट्रोलिटिक प्रकारचा. त्याच्या अंगावरचा पट्टा ऋण बाजू दाखवतो. तो उलटा बसला तर तापतो, फुगतो आणि फुटूही शकतो. शिवाय पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज साठून राहते, हे विसरू नये.

त्रिकोण आणि त्याच्या टोकाला आडवी रेघ म्हणजे डायोड. हा एकतर्फी रस्ता आहे. वीज त्रिकोणाच्या टोकाच्या दिशेनेच जाते. प्रत्यक्ष डायोडवर जो पट्टा असतो, तीच चिन्हातली आडवी रेघ. त्याच चिन्हातून दोन बाण बाहेर निघाले की तो एलईडी, प्रकाश देणारा. बाण आत येत असतील तर फोटोडायोड, प्रकाश टिपणारा. ट्रान्झिस्टरच्या चिन्हातही बाणच महत्त्वाचा. बाहेर जाणारा बाण एनपीएन, आत येणारा पीएनपी.

जीव वाचवणारे चिन्ह

आता भाच्याच्या झटक्याकडे येऊ. समोरासमोर दोन वेटोळी आणि मध्ये उभ्या रेघा, हे ट्रान्सफॉर्मरचे चिन्ह. या दोन वेटोळ्यांत तारेची जोडणी नसते. घरातली २३० व्होल्टची वीज पहिल्या वेटोळ्यात थांबते आणि दुसऱ्यातून कमी व्होल्टची वेगळी वीज मिळते. अनेक स्वस्त दिव्यांत मात्र ट्रान्सफॉर्मर नसतो. तिथे मेनची तार एका कपॅसिटरमधून थेट चार डायोडच्या चौकटीकडे जाते. बॅटरी चार व्होल्टची खरी, पण पिन लावलेली असताना तिचे टोकसुद्धा मेनशी जोडलेले असते. आकृतीत वेटोळी दिसली नाहीत की समजावे, इथे हात लावायचा नाही.

दुसरे चिन्ह अर्थिंगचे: एकाखाली एक लहान होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा. घराच्या वायरिंगमध्ये ती तार खरोखर जमिनीत जाते. पण इलेक्ट्रॉनिक सर्किटमध्ये पुष्कळदा हेच चिन्ह फक्त शून्य व्होल्टची सामाईक जागा दाखवते. तिला अर्थिंग समजून निर्धास्त होऊ नये.

घरी सुरुवात कशी करावी

मेनची वीज मुलांच्या शिकण्याची वस्तू नाही. नऊ व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि एक स्विच पुरे. आधी कागदावर आकृती काढायला लावा, मग तिच्याप्रमाणे जोडणी. एलईडीचा लांब पाय धन बाजूला. लाल एलईडीवर साधारण दोन व्होल्ट खर्च होतात, उरलेल्या सातांना ४७० ने भागले की सुमारे १५ मिलिअँपिअर येतात. एलईडीला तेवढे मानवते. पुस्तकातला ओहमचा नियम इथे डोळ्यांसमोर उजळतो. ही बैठक मुलींसोबतही व्हावी. मिक्सर, इस्त्री, इन्व्हर्टर यांच्याशी रोजचा संबंध घरात त्यांचाच जास्त येतो.

दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करता येतो. आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी मुले वायरमनच्या हाताखाली राहून काम उचलतात. त्यांचा हात चालतो, पण नकाशा समोर आला की ती अडतात आणि हेल्परच राहतात. नकाशा वाचणाऱ्याला काम विचारून दिले जाते, न वाचणाऱ्याला सांगून.

ही परंपरा आपल्याला परकी नाही. अल-जझारी यांनी १२०६ मध्ये यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाण्याची घड्याळे, पाणी उपसण्याची यंत्रे यांची वर्णने आकृत्यांसह आहेत, वाचणाऱ्याला ती पुन्हा बनवता यावीत म्हणून. ज्या उम्मतीला पहिला हुकूमच वाचण्याचा मिळाला, तिच्या मुलांनी ही लिपीही वाचावी.

आमच्या भाच्याने आता दिव्याचे सर्किट वहीत काढून त्यावर लाल पेनाने लिहिले आहे: 'ट्रान्सफॉर्मर नाही. आधी पिन काढा.' परीक्षेत यावर गुण मिळणार नाहीत. पण इन्शाअल्लाह, हा धडा तो विसरणार नाही.