एक जुलै की सात जानेवारी?

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील शाळांच्या जनरल रजिस्टरांत त्या दिवशी जणू एक रेघ ओढली गेली. आधीच्या प्रवेशांपुढे जिल्हा धुळे, नंतरच्या प्रवेशांपुढे नंदुरबार.

समजा, एका शाळेने हे जुने रजिस्टर अ‍ॅक्सेस या माहितीसंग्रहाच्या प्रणालीत उतरवले आहे. फॉर्मवरील चौकटीत तारीख टाकून बटण दाबले की त्या तारखेपासूनचे प्रवेश निवडले जातात आणि त्यांच्यापुढे ‘नंदुरबार’ लागते. आपण १/७/१९९८ टाकतो. यादी येते, संगणक काही कुरकुर करत नाही. मात्र १५ जून १९९८ रोजी दाखल झालेली मुलेही तीत असतात! जिल्हा जन्मण्यापूर्वीच ती नंदुरबार जिल्ह्यात जाऊन बसली. जमातीच्या दाखल्याची पडताळणी होताना जुन्या शालेय नोंदी पाहिल्या जातात. तेथे मूळ रजिस्टर आणि संगणकाचा उतारा यांत फरक निघाला तर हेलपाटे त्या कुटुंबाला पडतात.

असे का होते? अ‍ॅक्सेस तारीख साठवते ती आकड्याच्या रूपात. ३० डिसेंबर १८९९ हा शून्य दिवस धरून पुढचे दिवस मोजले जातात. त्या हिशेबाने १ जुलै १९९८ म्हणजे ३५९७७. साठवणीत दिवस आधी की महिना आधी हा प्रश्नच नसतो. तो उद्भवतो तारीख अक्षरांत लिहून क्वेरीला दिली जाते तेव्हा. बटणामागच्या आज्ञेत चौकटीतील मजकूर दोन # चिन्हांमध्ये जसाच्या तसा चिकटवलेला असेल, तर क्वेरीची भाषा तो अमेरिकन पद्धतीने, म्हणजे महिना आधी धरून वाचते. आपल्या एक जुलैची सात जानेवारी होते, ३५९७७ ऐवजी ३५८०२. या १७५ दिवसांतले सगळे प्रवेश, विशेषतः जूनमधले, यादीत शिरतात.

खरी फसगत पुढेच आहे. २५/७ अशी तारीख दिली तर पंचविसावा महिना नसल्याने अ‍ॅक्सेस निमूटपणे पहिला आकडा दिवस मानते आणि उत्तर बरोबर येते. म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस धोक्याचे, पुढचे निर्धोक. (१/१, २/२ अशा जुळ्या तारखा तेवढ्या कशाही वाचल्या तरी सारख्याच.) आपण तपासणीसाठी सहज सुचणाऱ्या तारखा घेतो, १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी. या दोन्ही तारखांनी चूक सापडणारच नाही; महाराष्ट्र दिनाची १ मे घ्यावी, ती लगेच ५ जानेवारी होऊन दाखवते. अनेक जुन्या रजिस्टरांत सरसकट आढळणारी १ जून ही जन्मतारीखही तपासणीला उत्तम.

उपाय अवघड नाही. आज्ञेत तारीख चिकटवताना ती आधी वर्ष-महिना-दिवस अशा क्रमात, १९९८-०७-०१ अशी मांडून घ्यावी. हा क्रम दोन अर्थांनी वाचला जात नाही. त्याहून चांगले म्हणजे चिकटवणे टाळून क्वेरीच्या अटीत थेट फॉर्मवरील चौकटीचे नाव द्यावे आणि क्वेरीच्या पॅरामीटर यादीत ते तारीख या प्रकाराचे असल्याचे जाहीर करावे. चौकटीच्या गुणधर्मांतही तारखेचा साचा निवडावा, नाहीतर आत टाकलेले साधा मजकूर समजले जाण्याची भीती असते. या मार्गाने तारीख विंडोजमधील प्रदेशाच्या मांडणीप्रमाणे वाचली जाते. तेव्हा संगणकावर भारताची मांडणी आहे ना, हे आधी पाहावे. फॉर्म मात्र उघडा हवा. बंद असला तर अ‍ॅक्सेस ते मूल्य आपल्यालाच विचारत बसते. चौकट रिकामी राहिली तर एकही नोंद येत नाही.

शेवटच्या दिवसाच्या नोंदी गळतात, हीदेखील नेहमीची तक्रार. वेळ हा दिवसाच्या आकड्याचा अपूर्णांक असतो, दुपारचे बारा म्हणजे ०.५. नोंदीत वेळही साठवली असेल तर ‘३० जूनपर्यंत’ ही अट ३० जूनच्या मध्यरात्रीच संपते आणि त्या दिवशी सकाळी अकराला केलेली नोंद बाहेर पडते. तेथे ‘१ जुलैच्या आधी’ अशी अट लिहावी.

तारखेचा रकानाच मजकूर या प्रकाराचा असेल तर वरील कशाचाच उपयोग नाही. मजकुराची तुलना अक्षरागणिक होत असल्याने १०/७ ही तारीख ९/७ च्या आधी येते. रकान्याचा प्रकार बदलावा, पण त्याआधी मूळ तक्त्याची प्रत काढून ठेवावी.

राहिले वर्ष. दोन आकडी वर्ष लिहिल्यास साधारणपणे ०० ते २९ हे आकडे २००० नंतरचे आणि ३० ते ९९ हे १९०० नंतरचे धरले जातात. त्यामुळे १९२८ साली जन्मलेल्या आजोबांची नोंद नुसती ‘२८’ अशी उतरवली, तर ते २०२८ साली जन्माला येतात.