मुलांच्या हातचे क्षमापनापत्र

संवत्सरीचे प्रतिक्रमण आटोपून मंडळी उपाश्रयातून घरी परततात आणि तासाभरात घराघरांतले मोबाइल निनादू लागतात. जोडलेल्या हातांचे चित्र, खाली ‘मिच्छामि दुक्कडं’ आणि मन-वचन-कायेने कळत नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागणारा तोच तो मजकूर. एका स्पर्शाने तो दोनशे जणांकडे जातो आणि दोनशे जणांकडून परत येतो. दोष एकट्या मोबाइलचा म्हणावा तर तसेही नाही. पूर्वी हेच काम छापील कार्डे करीत. पेढीवर कार्डांचा गठ्ठा येई, मुनीमजी वहीतून पत्ते उतरवून घेत आणि आडत्यांपासून व्याह्यांपर्यंत सर्वांना एकच मजकूर रवाना होई. ज्याच्याशी वर्षभर अबोला धरला त्यालाही तेच कार्ड, आणि ज्याचे तोंडही पाहिले नाही त्यालाही तेच.

घरातले आठ-नऊ वर्षांचे मूल हे सारे पाहत असते. पाठशाळेत त्याने क्षमापनेचा अर्थ ऐकलेला असतो, ‘माझे दुष्कृत मिथ्या होवो’ हा शब्दार्थही कदाचित पाठ असतो. परंतु आपण नेमके कोणाला दुखावले, हे आठवून त्या एका माणसाशी बोलण्याचा प्रसंग त्याच्या वाट्याला क्वचितच येतो. तो प्रसंग आणण्याचा एक साधा मार्ग म्हणजे पर्युषणाच्या किंवा दशलक्षण पर्वाच्या दिवसांत मुलाकडून एक पत्र लिहून घेणे. एकच, आणि त्याच्याच हातचे.

तिसरी-चौथीतल्या मुलाला पत्र लिहायला सांगितले की काय होते, हे बहुतेक घरांना ठाऊक आहे. कोपऱ्यात गाव आणि तारीख येते, मायना येतो, ‘मी येथे मजेत आहे, तू कशी आहेस?’ हे वाक्य येते आणि पेन्सिल थांबते. मूल आईकडे पाहते, आई एक वाक्य सांगते, मूल ते उतरवते. अशी सहा वाक्ये सांगून झाली की पत्र पुरे होते. फक्त ते आईचे असते. शाळेत दिलेला नमुना काही चुकीचा नसतो. त्यात पत्राची चौकट असते. चौकटीत काय भरायचे, हे ठरवण्याची सवड आणि रीत मात्र मुलाला कोणी दिलेली नसते. क्षमापनेचे पत्र या कामी फार उपयोगी पडते, कारण त्यात ‘काय लिहू?’ हा प्रश्न उरत नाही. काहीतरी घडलेले असते आणि कोणीतरी दुखावलेले असते.

पत्र आधी योजून मग लिहावे, ही गोष्ट जैन समाजाला नवी नाही. श्वेतांबर परंपरेतील विज्ञप्तिपत्रे याची साक्ष देतात. एखाद्या नगरीचा संघ दूरच्या आचार्यांना आपल्या गावी चातुर्मास करण्याची विनंती करी आणि त्या विनंतीसोबत वर्षभरातील अपराधांची क्षमाही मागे. हे पत्र लांबलचक गुंडाळीवर लिहिले जाई. आरंभी मंगलचिन्हे, त्रिशलामातेची स्वप्ने, मग गावाची चित्रे: बाजारपेठ, मंदिरे, रस्त्यांवरची वर्दळ. त्यानंतर मजकूर आणि शेवटी संघातील प्रमुखांच्या सह्या. आग्र्याच्या संघाने १६१० मध्ये विजयसेनसूरींना पाठवलेले विज्ञप्तिपत्र विशेष प्रसिद्ध आहे. ते उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने रंगवले आहे. पर्युषणकाळात पशुहत्या बंद ठेवण्याचे जहांगीर बादशहाचे फर्मान हा त्याचा विषय आहे आणि आज ते अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिरात जतन केलेले आहे. या गुंडाळ्या करणाऱ्यांनी एक प्रश्न आधी सोडवलेला दिसतो: पत्र ज्यांच्या हाती पडणार ते येथे नाहीत, तर त्यांना येथले काय दाखवावे? नऊ वर्षांच्या मुलासाठीही पत्राची पूर्वतयारी याच प्रश्नापासून सुरू होते.

व्यापारी घराला ही तयारी समजावून देणे अवघड नाही. रोजमेळात दिवसाचा व्यवहार घडेल तसा उतरतो आणि मग खतावणीत ज्याची रक्कम त्याच्या खाती जाते. कोणी थेट खतावणी लिहू लागला तर गोंधळ ठरलेला. मुलाचे पत्रही असेच दोन टप्प्यांत व्हावे. पहिल्या दिवशी लिहायचे काहीच नाही, फक्त बोलायचे. आई, आजोबा किंवा पाठशाळेतल्या ताई यांपैकी कोणी एकाने मुलाशेजारी बसावे आणि काय घडले ते त्याला सांगू द्यावे. मोठ्यांनी मध्येच निवाडा करू नये. मुलाच्या तोंडून निघालेले ठळक शब्द एका कच्च्या कागदावर टिपून घ्यावेत. वाक्ये नकोत, शब्दच पुरेत. दुसऱ्या दिवशी तो कागद मुलापुढे ठेवून विचारावे: यातले काय कोणाच्या खाती जाते?

एक कल्पित उदाहरण घ्यावे. चौथीतला एक मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत पाच वर्षांच्या बहिणीसह बार्शीला मामाकडे गेला होता. तेथे मामेभावाच्या चित्रकलेच्या वहीतले एक पान त्याच्या हातून फाटले. आता त्याला दादाला क्षमापनापत्र लिहायचे आहे. त्याने आपल्या मनाने लिहिलेला पहिला मजकूर असा:

‘प्रिय दादा, मिच्छामि दुक्कडं. माझ्याकडून काही चूक झाली असेल तर मला क्षमा कर. तुझा अभ्यास कसा चालला आहे?’

यात खोटे काही नाही, पण खरेही काही नाही. ‘काही चूक’ आणि ‘झाली असेल’ हे शब्द त्याने मोठ्यांच्या संदेशांतून उचललेले आहेत. पेढीवरच्या जुन्या हुंड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना येथे एक गोष्ट आठवावी. हुंडी हीदेखील पत्राच्याच घाटाची असे, आणि तीत रक्कम एकदा आकड्यात, एकदा अक्षरात लिहून पुन्हा ‘निमे इतके, त्याचे दुप्पट’ असा खुलासा करीत. हजार रुपये म्हणजे पाचशेचे दुप्पट हजार. शंकेला जागा नको. रकमेच्या बाबतीत एवढी काटेकोर असलेली लेखणी क्षमेच्या बाबतीत ‘काही असेल तर’ म्हणते, हे थोडे विचित्रच.

त्या मुलाशी बोलणे सुरू झाले की कच्च्या कागदावर शब्द उतरू लागतात: वही, मोर, पान ओढले, फाटले, मामी, छोटी. ‘छोटी’ का? थोडा वेळ मूल गप्प राहते. मग सांगते की मामी रागावेल म्हणून त्याने धाकट्या बहिणीचे नाव पुढे केले होते. बोलणी तिने खाल्ली. दादाही दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

येथे पत्राचा सारा आराखडा बदलतो. खतावणीच्या भाषेत सांगायचे तर एका खात्याची दोन खाती झाली आणि मोठी रक्कम दुसऱ्याच खाती निघाली. दादाला एक पत्र जाईल. दुसरे छोटीला, जी त्याच घरात त्याच्या शेजारी झोपते आणि जिला अजून वाचता येत नाही. मूल थेट लिहायला बसले असते तर हे कधीच वर आले नसते. दादाला लिहिलेले दुसरे पत्र मग असे होऊ शकते:

‘प्रिय दादा, जय जिनेंद्र. तुझ्या वहीतले मोराचे पान मी फाडले. मला वर कागद ठेवून तो गिरवायचा होता. पान ओढताना फाटले. मामी रागावेल म्हणून मी छोटीचे नाव सांगितले. मामी तिला खूप बोलली आणि तू पण तिच्याशी बोलला नाहीस. तिने काहीच केले नव्हते. मिच्छामि दुक्कडं. मी तुला मोर काढून पाठवत आहे, पण त्याची मान नीट जमली नाही. तू मान कशी काढतोस?’

छोटीच्या पत्रात एकच ओळ आणि एक चित्र असले तरी चालेल. ते त्याने स्वतः तिला वाचून दाखवायचे आहे, आणि कोणालाही पत्रातला हाच भाग सर्वांत जड जातो.

घरातल्या वडीलधाऱ्यांची कसोटी याच ठिकाणी लागते. पत्रातून उघड झालेल्या अपराधाबद्दल मुलाला शिक्षा होता कामा नये. ‘तेव्हाच का नाही सांगितलेस?’ एवढा एक प्रश्न कठोर स्वरात आला तरी मूल धडा घेते, आणि तो धडा असा की पुढच्या वर्षी ‘काही चूक झाली असेल तर’ हेच सुरक्षित. तसेच, पत्राचे छायाचित्र काढून ते कुटुंबाच्या समूहावर टाकू नये. ‘बघा आमच्या बाळाने किती छान लिहिले’ हे कौतुक कितीही निर्मळ असले तरी पत्र एका माणसासाठी लिहिलेले आहे. चाळीस नातेवाइकांनी ते वाचले की त्याची जाहिरात होते.

शुद्धलेखनाची काळजी बहुतेक पालकांना असते आणि ती रास्तही आहे, पण तिची वेळ शेवटची आहे. आधी मुलाने पत्र मोठ्याने वाचावे. जेथे वाचताना अडखळेल तेथे वाक्य बहुधा बिघडलेले असते आणि ते त्याचे त्यालाच सापडते. मग नावे आणि पत्ता तपासावा. उरलेल्या दहा चुकांपैकी चार दाखवल्या तरी पुरे. लाल शाईने भरलेला कागद पाहून दुसरे पत्र लिहिण्याची हौस कोणाला राहील? पक्की प्रत मात्र मुलाने स्वतः काढावी, खाडाखोड झाली तरी.

मायन्याचा प्रश्न जरा नाजूक आहे. मराठी पत्रात आई-वडिलांना ‘तीर्थरूप’, त्यांच्या जागी असलेल्या इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, लहानांना ‘चिरंजीव’, आणि खाली ‘शिरसाष्टांग नमस्कार’ किंवा ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ अशी देखणी परंपरा आहे. ती मुलांना कळावी; कोणाला कोणत्या नात्याने हाक मारायची याचे शिक्षणच त्यात आहे. पण ‘शि. सा. न. वि. वि.’ अशी अक्षरे मुलाकडून नुसती गिरवून घेऊ नयेत. ज्या शब्दाचा विस्तार त्याला सांगता येत नाही तो त्याने लिहू नये. आजोबांना ‘तीर्थस्वरूप आजोबांस सादर जय जिनेंद्र’ एवढे लिहिले तरी मान पुरेपूर राहतो. दुकानातल्या हमालकाकांना किंवा घरकामाच्या मावशींना लिहायचे असेल तर त्यांनाही ‘आदरणीय’ आणि ‘तुम्ही’ हेच शब्द हवेत. मुलांकडून सर्वांत जास्त उर्मट शब्द याच माणसांना ऐकावे लागतात आणि क्षमापनेच्या यादीत यांचीच नावे क्वचित असतात.

भाषेचे काय? सांगली-कोल्हापूरकडच्या दिगंबर जैन घरांत मराठी हीच मायबोली. पुणे, अहिल्यानगर, जळगावच्या कितीतरी ओसवाल घरांत आजी मारवाडी बोलते. मुंबईत गुजराती किंवा कच्छी. मुले मात्र सर्वत्र इंग्रजी शाळेत. या गुंत्यातून सुटण्याचा सोपा नियम असा की पत्र वाचणाऱ्याच्या भाषेत लिहावे. आजी मराठी वाचत असेल तर नातवाचे मोडके मराठी तिला त्याच्या सफाईदार इंग्रजीपेक्षा कितीतरी प्रिय वाटेल.

लिफाफ्यावरचा पत्ता मुलाने आपल्या हाताने घालावा. सहा आकड्यांच्या पिनकोडची जुळणी त्याला मौजेची वाटते. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडित असलेल्या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून ही पद्धत उभी राहिली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती देशभर सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा; महाराष्ट्रातले पिनकोड म्हणूनच ४ ने सुरू होतात. पत्र पेटीत टाकायलाही मुलालाच न्यावे. आत पडल्याचा आवाज आला की ते परत घेता येत नाही, हे त्याला कळते. पाठवलेला संदेश पुसून टाकण्याची सवय झालेल्या पिढीला हा अनुभव नवा आहे.

त्यानंतर येते वाट पाहणे, आणि येथे दुसऱ्या टोकाच्या माणसावर जबाबदारी येते. पेढीवर आलेल्या पत्राची पोच न देणे हा गैरव्यवहार मानला जाई; ‘आपले पत्र पावले, मजकूर समजला’ ही ओळ तरी उलट टपाली जाई. श्रीमद् राजचंद्र मुंबईत जवाहिराच्या व्यापारात गुंतलेले असताना १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून मोहनदास गांधींनी त्यांना सत्तावीस प्रश्न लिहून पाठवले. आत्मा म्हणजे काय येथपासून, साप चावायला आला तर त्याला चावू द्यावे की मारावे येथपर्यंत. राजचंद्रांनी प्रत्येक प्रश्नाला क्रमाने उत्तर लिहिले. एवढा व्याप सांभाळणाऱ्या माणसाला सवड मिळाली, तर भाच्याच्या किंवा नातवाच्या पत्राला चार ओळी लिहायला मामा-आजोबांना हरकत नसावी. ‘पत्र मिळाले रे’ असा फोन केला म्हणजे उत्तर झाले असे समजू नये. मुलाने कागदावर विचारले आहे, तर कागदावरच सांगावे, आणि त्याने विचारलेला प्रश्न टाळू नये.

उदाहरणातल्या दादाचे उत्तर एका पोस्टकार्डावर मावेल. ‘पत्र मिळाले. पान मी चिकटवले आहे, पण मोराला आता दोन शेपट्या दिसतात. छोटीशी मी बोललो नव्हतो, म्हणून तिला माझे पण मिच्छामि दुक्कडं सांग. मान काढताना आधी इंग्रजी एस काढ, मग डोके. जमले का ते कळव.’