कुत्र्याच्या खुब्याचे ऑपरेशन : निम्मे काम घरच्यांचे

वस्तीत बऱ्याच घरी कुत्रा असतो. सहा-आठ महिन्यांचे पिल्लू पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकते, झोपून उठताना धडपडते, जिना चढत नाही. आपण म्हणतो, 'आळशी आहे.' पण हे दुखणे असू शकते. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसत नाही, सैल राहतो आणि सांधा झिजतो. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत हा दोष बहुधा आई-बापाकडून येतो; वजन वाढले की बळावतो. तेल चोळून किंवा पाय ओढून तो जात नाही. एक्स-रे काढावा लागतो.

सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही. लागले तर नेहमीचे दोन प्रकार समजून घ्या.

पहिल्यात, सांधा झिजण्याआधी, कमरेचे हाड कापून वाटी फिरवतात आणि पट्टी-स्क्रूने पक्की करतात. हाड जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर पळणे, उड्या, जिना पूर्ण बंद.

दुसऱ्यात घासणारा गोळाच काढून टाकतात. मग स्नायू आणि भरून आलेली जखम मिळून नवा आधार तयार होतो. इथे उलटे आहे. पाय न हलवता ठेवला तर तो आखडतो. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून पट्टा लावून थोडे थोडे, सावकाश चालवावे लागते.

म्हणून दवाखान्यातून निघण्यापूर्वी विचाराच : "कोणते ऑपरेशन केले? आराम किती, चालवायचे कधीपासून?" उत्तर लिहून घ्या.

घरी काय करावे?

• लादीवर पाय घसरतो. गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरा.
• एक कोपरा फळी लावून अडवा. पोटमाळ्याच्या शिडीकडे जाऊ देऊ नका.
• शी-शूला नेताना पोटाखालून, मागच्या पायांपुढे, टॉवेल घालून मागचा भार उचलून धरा.
• टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर गळ्यातली प्लास्टिकची कॉलर काढू नका. चाटल्याने जखम चिघळते.
• खाणे मोजून द्या. बसून असलेल्या जनावराचे वजन लवकर वाढते.
• माणसांच्या गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड बिघडते.
• जखम सुजली, पू आला, खाणे थांबले किंवा टेकू लागलेला पाय पुन्हा उचलून धरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खर्चाची काळजी सगळ्यांनाच असते. मुंबईत परळला आणि नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जवळ असाल तर आधी तिथे चौकशी करा. घरी कोण थांबणार, रात्री कोण उठणार, हेही ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ठरवा.

आणि असा दोष निघालेल्या कुत्र्याची पिल्ले होऊ देऊ नका. डॉक्टरांना विचारून नसबंदी करा, म्हणजे हे दुखणे पुढच्या पिल्लांत जाणार नाही.