महामारी करार: हुकूम कोणाचा, लस कोणाला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी २० मे २०२५ रोजी जिनिव्हात महामारी करार स्वीकारला. वाटाघाटी तीन वर्षांहून अधिक चालल्या, आणि तेवढ्या काळात गैरसमजही भरपूर पसरले.

गैरसमज: पुढच्या साथीत टाळेबंदी आणि लसीची सक्ती जिनिव्हा ठरवणार.

वस्तुस्थिती: करारात याच्या नेमकं उलट लिहिलं आहे. कोणत्याही देशाचे कायदे बदलण्याचा, प्रवासबंदी, लसीकरण किंवा टाळेबंदी लादण्याचा अधिकार संघटनेला नाही. २०२० मध्येही आपल्याकडची टाळेबंदी दिल्लीने जाहीर केली होती, जिनिव्हाने नव्हे.

गैरसमज: संघटनेकडे पैशाला तोटा नाही.

वस्तुस्थिती: सदस्य देशांची ठरलेली वर्गणी अनेक वर्षं तिच्या खर्चाच्या पाचव्या हिश्श्याइतकीही नव्हती. बाकी पैसा देणगीदारांचा, तोही बहुतेक त्यांनी नेमून दिलेल्या कामापुरता. म्हणून वर्गणीचा वाटा मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यापर्यंत न्यायचं २०२२ मध्ये ठरलं. एवढ्यात जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने बाहेर पडण्याचा निर्णय घेतला आणि सर्वांत मोठा देणगीदारच गेला.

गैरसमज: करार झाला, म्हणजे पुढच्या वेळी लस सगळ्यांना मिळेल.

वस्तुस्थिती: खरं भांडण इथेच आहे, आणि ते जुनं आहे. २००७ साली इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने देणं थांबवलं. आम्ही नमुने द्यायचे, त्यावरून श्रीमंत देशांतल्या कंपन्यांनी लस बनवायची आणि ती आम्हालाच परवडू नये, हा इंडोनेशियाचा आक्षेप होता. माझ्या मते तो रास्तच होता. त्यातून २०११ मध्ये नमुने आणि लाभ यांच्या वाटणीची चौकट उभी राहिली, पण ती फक्त महामारी आणू शकणाऱ्या इन्फ्लुएंझापुरती. कोविड तिच्यात बसला नाही.

नव्या करारात तरतूद अशी: नमुने आणि लाभ यांच्या वाटणीच्या व्यवस्थेत सहभागी झालेल्या उत्पादकांनी महामारीत आपल्या उत्पादनाचा २० टक्के वाटा संघटनेला द्यायचा, त्यापैकी एकूण उत्पादनाचा निदान १० टक्के भाग देणगी म्हणून, उरलेला परवडणाऱ्या दरात. मात्र नमुने कोणी, कोणत्या अटींवर द्यायचे हे सांगणारं परिशिष्ट करार स्वीकारताना मागे ठेवलं गेलं. ते मंजूर झाल्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होत नाही, आणि त्यानंतरही ६० देशांनी अनुसमर्थन दिल्यावरच तो अमलात येतो.

हा प्रश्न पुण्याला परका नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत भारतातून लशींची निर्यात अडली, तेव्हा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोविशिल्डवर विसंबलेली, गरीब देशांना लस पुरवणारी कोव्हॅक्स योजना रखडली आणि आफ्रिकेतले आरोग्यसेवक डोससाठी ताटकळले. घरी माणसं मरत असताना निर्यात रोखण्याचा तो निर्णय समजण्यासारखा होता. पण ज्यांच्या वाट्याचे डोस थांबले, त्यांना आधार देणारा कोणताही बंधनकारक नियम तेव्हा नव्हता. भारत लस बनवणारा देश आहे, आणि नवा विषाणू जिथे प्रथम सापडू शकेल असाही देश आहे. दोन्ही बाजू ठाऊक असलेल्या या देशाने त्या परिशिष्टात बंधनकारक वाट्याचा आग्रह धरायला हवा.