‘सत्यप्रत’ आणि ‘प्रमाणित प्रत’ : दोन संज्ञांतील भेद

दस्तऐवजांच्या व्यवहारात ‘नक्कल’, ‘सत्यप्रत’ आणि ‘प्रमाणित प्रत’ हे शब्द बहुधा एकमेकांच्या जागी योजले जातात. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते समानार्थी नाहीत; आणि हा भेद न उमगल्यास पक्षकाराचा पुरावा अग्राह्य ठरण्याचा संभव असतो.

‘नक्कल’ हा शब्द मूळ अरबी असून, एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी नेणे हा त्याचा धात्वर्थ होय. महसुली दप्तरात ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा रूढ आहे. ‘अस्सल’ म्हणजे मूळ आणि ‘बरहुकूम’ म्हणजे त्याप्रमाणे. प्रत मुळाशी जुळते, एवढेच हा शेरा सांगतो. मुळातील मजकूर खरा की खोटा याविषयी तो मौन पाळतो. ‘सत्यप्रत’ या समासात ‘सत्य’ हे विशेषण प्रतीचेच आहे. परंतु वाचकाच्या मनात ते नकळत मजकुराला जाऊन चिकटते. गैरसमजाचे बीज येथेच आहे.

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून अमलात आला व १८७२ चा पुरावा अधिनियम निरसित झाला. नव्या अधिनियमाच्या कलम ७५ नुसार, सार्वजनिक दस्तऐवज ज्याच्या ताब्यात आहे तो अधिकारीच, पाहणीचा हक्क असणाऱ्यास, फी घेऊन प्रमाणित प्रत देतो. तिच्या तळाशी दाखला, दिनांक, नाव व हुद्दा असतो. अशा प्रतीच्या खरेपणाविषयी न्यायालय गृहीतक धरते.

नोटरीचे स्थान निराळे आहे. नोटरी अधिनियम, १९५२ हा १४ फेब्रुवारी १९५६ रोजी अमलात आला. नोटरी मूळ दस्तऐवजाचा ताबेदार नसतो. आपल्यासमोर ठेवलेल्या कागदाशी प्रत ताडून पाहून तो शिक्का देतो. म्हणून सातबाराच्या छायाप्रतीवर नोटरीचा शिक्का पडला तरी ती कलम ७५ ची प्रमाणित प्रत होत नाही. आणि दाखविलेला कागदच बनावट असेल, तर शिक्क्याने तो दोष धुऊन निघत नाही. खाजगी दस्तऐवजाची ताडून पाहिलेली प्रत दुय्यम पुरावा ठरू शकते. परंतु मूळ गहाळ होण्यासारखे कलम ६० मधील एखादे कारण त्यासाठी दाखवावे लागते.

तात्पर्य, कोणताही शिक्का वाचताना दोन प्रश्न विचारावेत : ग्वाही कोण देत आहे, आणि नेमकी कशाची?